कुंभारवाड्यात करून घेतलेला नामशेष भारीट

आधी व्यवहाराचं सांगते. कागदी लगद्याचे दोन पक्षी, एक नामशेष भारीट आणि शेजारी ठेवायला एक आजचा (भारीट म्हणजे दाणे खाणारा छोटा पक्षी), मूळच्या दुप्पट मापात, खालच्या लाकडी पाटासकट २,६०० रुपये. निम्मे आगाऊ. पावती मागितली तर वहीच्या पानावर लिहून देतात. काम करणारे भाऊ जुन्या नाशकात कुंभारवाड्याकडे असतात, घरात पिढ्यान् पिढ्या गणपतीच. नाव इथं टाकू नका असं त्यांनीच बजावलंय. गुढीपाडव्यानंतर मूर्तींचं काम सुरू झालं की फोन उचलायला हात रिकामा नसतो म्हणे. तिकडे जाऊन ‘पक्षी करणारे भाऊ’ विचारलंत की पोरं दारापर्यंत आणून सोडतात.

मी गंगापूर रोडला सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी मुलांचा निसर्गवर्ग घेते. हिवाळ्यात त्यांना नांदूरमध्यमेश्वरला नेते. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, त्यामुळं सगळ्यांच्या दुर्बिणी पाण्यावर. मी मुद्दाम पाठ फिरवून शेतांकडे बघायला लावते, कारण काळ्या डोक्याचे भारीट तिथं ज्वारीवर उतरतात. आग्नेय युरोप आणि पश्चिम आशियातून एवढासा पक्षी निफाड तालुक्यात येतो, आणि लोक फ्लेमिंगो कुठे म्हणून विचारतात. असो. यंदा मुलांना या भारीटाचा नामशेष झालेला भाऊबंद दाखवायचा होता. मेन रोडच्या खेळण्यांच्या दुकानांत नामशेष म्हटलं की डायनासोर काढून ठेवतात. फारच आग्रह धरला तर मॅमथ.

माझा पक्षी म्हणजे एम्बेरिझा अल्कोव्हेरी. आपला काळ्या डोक्याचा भारीट एम्बेरिझा कुळीतलाच, म्हणून भाऊबंद म्हटलं. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर कॅनरी बेटं आहेत, त्यांतल्या टेनेरिफवर हा राहायचा. तिथल्या लाव्हागुहांत त्याची हाडं मिळाली आणि १९९९ साली तिघा स्पॅनिश संशोधकांनी ‘द कॉन्डोर’ या नियतकालिकात त्याची नवी जात म्हणून नोंद केली. नाव जोसेप अँटोनी अल्कोव्हर या जीवाश्मतज्ज्ञांवरून. अंगानं थोराड, पाय लांब, पंख आखूड. हाडांच्या या प्रमाणावरूनच निष्कर्ष निघाला की याला उडता येत नव्हतं. फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांच्या जगात सहा हजारांवर जाती आहेत आणि त्यांत उडणं सोडून दिलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. हा एक, बाकीचे न्यूझीलंडचे काही चिमुकले रेन पक्षी. तेही आज कुणी उरलेले नाहीत.

हे सगळं मी भाऊंना सांगत होते तेव्हा ते लगदा मळत होते. हात न थांबवता म्हणाले, “मग मॅडम, हा कोंबडीसारखा चालत असणार. मांड्या भरीव हव्यात.” मी गप्प. पायांवर जगणाऱ्या पक्ष्याचं बळ पायांतच असणार, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मापांची मात्र गंमत झाली. मी सेंटिमीटर लिहून नेले होते. ते म्हणाले, “हे नको, डोकं एक धरा, पाय किती डोकी ते सांगा.” मूर्तीचं प्रमाण ते असंच काढतात, तोंडाच्या पटीत. मग तिथंच फरशीवर बसून हाडांच्या चित्रांवरून सगळं पटीत मांडलं. त्यांनी दोऱ्याला गाठी मारल्या आणि दोन्ही पक्ष्यांचे तारेचे सांगाडे शेजारी शेजारी उभे केले. फरक त्या नुसत्या तारांतच दिसला. जिवंत भारीटाचा पंख ऐटीत मागं जातो, याचा मध्येच संपतो. खरं तर त्या सांगाड्यांवरच माझा तास झाला असता.

पायांना आधी बाइंडिंगची तार वापरली होती, ती लगद्याच्या वजनानं वाकली. दुसऱ्या खेपेला सायकलचा स्पोक घातला आणि पक्षी ताठ उभा राहिला. चोच तर फारच नेमकी उतरलीय. भारीटाच्या चोचीच्या कडा सरळ मिटत नाहीत, मध्ये एक कोन असतो, दाणा फोडायला. फोटो एकदा मोठा करून बघितला आणि कोरणीनं तो कोन काढला. “उघडी ठेवू का मिटलेली?” हेही विचारलं. गाणाऱ्या पक्ष्यांच्या घराण्यातला म्हणून मी किंचित उघडी म्हटलं. आत जीभ आहे. ती वाळताना तडकली, पण बॅटरी लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता रंग. मला या कामाची किंमत वसूल झाली ती इथं. भाऊंनी रंगाच्या वाट्या काढल्या आणि विचारलं, कोणता? मी म्हटलं, हाड रंग सांगत नाही. त्यावर दुसऱ्या कुणी मनानंच पिवळा-तांबडा मारून दिला असता आणि मुलांनी तो खरा मानला असता. हे जरा वेळ बसून राहिले. मग म्हणाले, “आम्ही शाडूची मूर्ती काही गिऱ्हाइकांना बिनरंगाची देतो. याची एक बाजू तशी ठेवू.” आणि तसंच केलं. डावी बाजू लगद्याच्या राखाडी रंगात, तीवर गेरूनं फक्त हाडांच्या रेषा. उजवी बाजू रंगवलेली, पाठीवर तपकिरी रेघा. कुळीतल्या बऱ्याच जातींत असतात, म्हणून अंदाजानं. वर्गात मी डावी बाजू आधी फिरवते. एका मुलीनं विचारलं, याचा आवाज कसा होता? मी तिला डावी बाजूच दाखवली. आवाजाची पेटी मऊ कूर्चेची, ती जीवाश्मात क्वचितच टिकते.

तक्रारी आहेत. मोठी म्हणजे डोळे. आखणीला भाऊंचा हात असा बसलाय की दोन्ही पक्ष्यांना गणपतीचे डोळे आलेत, लांबट, कडेला निमुळते, वरून भुवईची पुसट रेघ. नामशेष पक्षी माझ्याकडे आशीर्वाद दिल्यासारखा बघतो. बदलून मागितले तेव्हा गोल केले, पण भुवई राहिलीच. दुसरं, वेळ पाळत नाहीत. लग्नसराईत रुखवताची कामं घेतात आणि आपला पक्षी त्या भातुकलीच्या मागं फळीवर पडून राहतो. वार्निश मी मॅट सांगितलं होतं, जिवंत भारीट चकचकीत आलाय. बांधणी उत्तम: द्राक्षाच्या पेटीत, कागदी कातरणांत. स्कूटरवरून खड्ड्यांतून आणले, काही मोडलं नाही. लगद्यात कीड लागू नये म्हणून मेथीची पूड असते, त्यामुळं पहिले काही दिवस हॉलला लोणच्याचा वास येत होता.

पक्षी न्यायला गेले तेव्हा भाऊंच्या वडिलांनी विचारलं, अशी हाडं आपल्या पांडवलेण्यात का मिळत नाहीत? दगड तर तोच काळा. छान प्रश्न. पांडवलेणी माणसांनी छिन्नीनं कोरली, दोनेक हजार वर्षांपूर्वी. टेनेरिफच्या गुहा लाव्हानंच केल्या: वरचा थर थिजला, आतला वाहून गेला, पोकळ नळ उरला. पक्षी, सरडे, उंदीर त्यात पडतात आणि हाडं ऊनपावसापासून वाचतात. शिवाय आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा; टेनेरिफवर ज्वालामुखी १९०९ सालीही फुटलाय. बाबांना पटलं. पुढचा प्रश्न त्यांचाच: मग मेला कशानं? बेटावर माणूस सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पोचला, त्याच्याबरोबर परके प्राणी आले, आणि उडता न येणाऱ्या पक्ष्याला पळायला जमीनच; बहुधा असंच. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावरचा रेनही १८९४ च्या सुमारास मांजरांच्या तोंडी गेला, दीपगृहाबरोबर तिथं माणसं आणि मांजरं आल्यावर. बाबांनी दारातल्या आपल्या मांजराकडे बघून “तुझंच नाव निघालंय” म्हटलं.

पाचपैकी चार. एक डोळ्यांपायी कापला. कुणाला करून घ्यायचे असतील तर दिवाळीनंतर जा आणि गुढीपाडव्याच्या आत उरकून घ्या. मापं डोक्याच्या पटीत काढून न्या, डोळ्यांचा मोठा फोटो छापून न्या, आणि भुवई नको हे आगाऊ पैसे देतानाच वहीत लिहून घ्या.