फिलाडेल्फियाचं मेसॉनिक टेंपल: सात दालनं आणि म्युनिकचा रंगारी

फिलाडेल्फियाला गेलेली आपली मंडळी लिबर्टी बेल बघतात, इंडिपेन्डन्स हॉल बघतात, सिटी हॉलपुढे फोटो काढतात आणि घरची वाट धरतात. त्या सिटी हॉलच्या उत्तरेला, रस्ता ओलांडला की नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर १ नंबरची मनोऱ्याची दगडी इमारत लागते. हे पेनसिल्व्हेनिया ग्रँड लॉजचं मुख्यालय. फ्रीमेसन हा गवंडीकामाच्या खुणा आणि विधी जपणारा जुना बंधुसंघ, लॉज म्हणजे त्याची शाखा आणि ग्रँड लॉज म्हणजे शाखांची वरची संस्था. तिकीट काढून गाईडबरोबर आत जाता येतं. सांगलीच्या शाळेत मी नोकरीभर चित्रकला शिकवली, आता न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे येत-जात असते. या शहरात भिंतीवरचं रंगकाम बघायचं असेल तर पहिलं नाव मी याच इमारतीचं घेईन. फ्रीमेसनांची गुपितं कळतील या आशेने गेलात तर विरस होईल.

संघाची इथली मुळं जुनी आहेत. सेंट जॉन्स लॉजची हिशेबाची वही १७३१ पासूनची आहे. बेंजामिन फ्रँकलिन त्याच सुमारास सभासद झाला, १७३४ मध्ये ग्रँड मास्टर, म्हणजे इथल्या संघाचा प्रमुख झाला आणि त्याच वर्षी आपल्या छापखान्यात त्याने संघाची घटना छापली. अमेरिकेत छापलेलं हे पहिलं मेसॉनिक पुस्तक. बैठका आधी टॅव्हर्नमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात भरत, १७५५ मध्ये स्वतःची जागा झाली. पुढे चेस्टनट स्ट्रीटवर विल्यम स्ट्रिकलंडने बांधलेला हॉल १८१९ च्या आगीत गेला. त्याच रस्त्यावर १८५५ चा हॉल आला, तोही लवकरच अपुरा पडू लागला. मग २४ जून १८६८ ला, सेंट जॉनच्या सणाला, आजच्या इमारतीची कोनशिला बसवली, दगड तब्बल दहा टनांचा. वास्तुरचनाकार जेम्स विंड्रिम. त्याचा आराखडा निवडला तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता! दगड खाणीवरच घडवून, खुणा आणि नंबर टाकून आणले आणि इथे नुसते रचले, कारण बायबलमधल्या सॉलोमन राजाचं मंदिर तसंच बांधलं गेलं अशी या मंडळींची श्रद्धा. १८७३ मध्ये वास्तू पुरी झाली. खर्च सोळा लाख डॉलर.

पण आतल्या भिंती पुढे बरीच वर्षं सजावटीवाचून होत्या. १८८७ मध्ये ते काम सुरू झालं आणि विसावं शतक उजाडलं तरी चालू राहिलं. ते ज्याच्या हातून झालं तो जॉर्ज हर्झोग मूळ म्युनिकचा. माझ्या लेखी या इमारतीचा खरा नायक तोच.

इजिप्शियन हॉल १८८९ चा. दालनाच्या चारी बाजूंना मिळून बारा जाडजूड खांब, आणि खांबांची शिरं लक्सर, कर्नाक, फिली अशा वेगवेगळ्या मंदिरांवरून घेतलेली. अध्यक्षाच्या काळ्या-सोनेरी आसनाच्या दोन्ही अंगांना स्फिंक्स. सजावटीसाठी चित्रलिपी काढणारे पुष्कळ रंगारी चार पक्षी, दोन डोळे आणि एक साप काढून मोकळे होतात. इथली चित्रलिपी वाचता येते. फ्रेंच पंडित शाँपोल्योंने ती उलगडल्याला जेमतेम पासष्ट-सत्तर वर्षं झाली होती, तेवढ्यात फिलाडेल्फियातला एक सजावटकार ती अक्षरं चुकू न देता भिंतीवर उतरवत होता. बघताना मला सारखी आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची आठवण येत होती. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि तिथले विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होते. जवळपास त्याच काळातली ही कामं. नक्कल हा शब्द आपण हिणवायला वापरतो, पण मूळ रेषेचा मान राखून केलेली नक्कल किती कठीण असते ते हातात ब्रश धरलेल्यालाच कळतं.

ओरिएंटल हॉल १८९६ चा, ग्रॅनडाच्या अलहंब्रा राजवाड्यावरून केलेला. इंटरमिजिएटच्या परीक्षेला भूमितीय संकल्पचित्र काढताना कंपास एक केस जरी सरकला तरी शेवटची पाकळी जुळत नाही, हे मी मुलांच्या किती पिढ्यांना ओरडून सांगितलं असेल. इथे तीच नक्षी भिंतभर, छतभर पसरलीय. मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. लाल, निळा आणि सोनेरी एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत, दूर उभं राहिलं की तिन्हींचा मिळून एकच उबदार रंग दिसतो. चित्रकलेचं शिक्षण घेणारं कोणी घरात असेल तर त्याला निव्वळ या एका दालनासाठी न्यावं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. गॉथिक हॉलमधलं कोरीव लाकूडकाम देखणं आहे, तिथलं आसन कँटरबरी कॅथेड्रलमधल्या आर्चबिशपच्या आसनाची प्रतिकृती आहे. नॉर्मन हॉलच्या भिंतींवर ओळंबा, थापी, गुण्या, कंपास अशी गवंड्याची हत्यारं धरलेल्या आकृत्या आहेत. कोरिंथियन हॉल भव्य आणि शांत. आयोनिक हॉलमध्ये जुन्या ग्रँड मास्टरांची व्यक्तिचित्रं लावली आहेत. रेनेसाँ हॉल मला अजिबात भावला नाही. लाल आणि सोनेरी यांचा मारा इतका की नजरेला टेकायला जागाच नाही.

इथल्या संग्रहालयात जॉर्ज वॉशिंग्टनचं मेसॉनिक ॲप्रन, म्हणजे संघाच्या विधींत कमरेला बांधायचं वस्त्र आहे. त्यावरचं भरतकाम त्याचा फ्रेंच सहकारी सेनानी लाफायेत याच्या बायकोच्या हातचं असं परंपरेने सांगतात. टाके बारकाईने बघा, हात सफाईदार आहे. ज्या बाईचं नाव या भरतकामाला जोडलं जातं तिला या संघात प्रवेश नव्हता, आणि जुन्या परंपरेच्या ग्रँड लॉजमध्ये स्त्रियांना तो आजही नाही. हे मला खटकलं आणि ते इथे लिहायलाच हवं. सगळी माणसं भाऊ, हे संघाचं तत्त्व. तरीही याच शहरात कृष्णवर्णीयांना १७९७ मध्ये आपलं वेगळं आफ्रिकन लॉज काढावं लागलं, कृष्णवर्णीय धर्मगुरू ॲब्सलम जोन्स त्याचा पहिला मास्टर, म्हणजे अध्यक्ष. आपल्याकडे मुंबईत पारशी गृहस्थ माणेकजी करसेटजींनाही दारं बंदच मिळाली. शेवटी स्कॉटिश फ्रीमेसन डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं, तेव्हा हिंदी माणसांना वाट मिळाली. फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलवरून आपण कितीदा जातो, हा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. फिलाडेल्फियाला गेलात की गाईडला आफ्रिकन लॉजबद्दल जरूर विचारा.

न्यू जर्सीहून येणाऱ्यांनी ट्रेंटनला गाडी बदलून सेप्टाने (फिलाडेल्फियाच्या लोकल गाडीने) सबर्बन स्टेशनला उतरावं, तिथून इमारत चालत काही मिनिटांवर आहे. ग्रँड लॉजच्या सभा इथेच भरतात, तेव्हा टूरच्या वेळा आधी बघून निघा. फार लहान मुलं कंटाळतील. आजी-आजोबांना दमादमाने नेता आलं तर उत्तम, दालनं मोठी आहेत आणि उभं राहणं होतं. वेळ कमी असेल तर इजिप्शियन आणि ओरिएंटल या दोन दालनांत गाईडच्या मागे मुद्दाम रेंगाळा, रेनेसाँमधून झपझप निघालात तरी चालेल.