पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाला कोणता टर्बो शोभेल?

जुन्या प्रीमियर पद्मिनीला टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे जळालेल्या वायूच्या, जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारे यंत्र) बसवू पाहणाऱ्या मालकासमोर प्रत्यक्षात तीन पर्याय असतात: पेट्रोल इंजिनासाठी बनवलेला अगदी लहान टर्बो, त्याहून एक पायरी मोठा मध्यम टर्बो, आणि १.३ लिटरच्या डिझेल गाड्यांतून उतरवलेला, भंगार बाजारात सहज हाती लागणारा टर्बो. निवड करताना बहुतेक जण किती हॉर्सपॉवर वाढेल, हा प्रश्न आधी विचारतात. माझ्या मते इंजिन किती हवा ओढते आणि गाडी बहुतांश कोणत्या रस्त्यावर चालणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की टर्बोचा आकार जवळजवळ आपोआप ठरतो.

हवेचा हिशोब कागदावर मांडता येतो. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा घेते. जुन्या हेडची (सिलिंडरवरच्या झडपांच्या झाकणाची) हवा भरून घेण्याची क्षमता ७५ टक्के धरली, तर ५००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला सुमारे दोन घनमीटर हवा ओढते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो, आणि मे महिन्यातले ४० अंश तापमान लक्षात घेतले तर एक घनमीटर हवेचे वजन १.०५ किलोच्या आसपास भरते. म्हणजे टर्बोविना मिनिटाला २.१ ते २.२ किलो हवा मिळते. टर्बोने हीच हवा दीडपट दाबली आणि इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरने) ती ६० अंशांपर्यंत खाली आणली, तर हा आकडा तीन किलोवर जातो. मिनिटाला एक किलो हवेमागे २० ते २२ हॉर्सपॉवर हा ढोबळ हिशोब लावला, तर ६० ते ६५ हॉर्सपॉवरची अपेक्षा धरावी. आपल्याला टर्बो हवा आहे तो या तीन किलोंसाठी.

आता लहान आणि मध्यम टर्बो शेजारी ठेवून पाहू. गॅरेट या टर्बो बनवणाऱ्या कंपनीचा लहान जीटी१२४१ हा ०.४ ते १.२ लिटरच्या आणि ५० ते १३० हॉर्सपॉवरच्या इंजिनांसाठी सुचवला जातो. त्याच्या नावातले ४१ म्हणजे कॉम्प्रेसर (हवा दाबणाऱ्या) चाकाचा मिलिमीटरमधला बाहेरचा व्यास. मध्यम जीटी१५४४ साठी हीच मर्यादा १.० ते १.६ लिटर आणि १०० ते १५० हॉर्सपॉवर अशी आहे. फसगत होते ती नेमकी इथे. लिटरचा रकाना पाहिला तर पद्मिनीचे इंजिन दोन्हींत बसते, परंतु ६५ हॉर्सपॉवरचे लक्ष्य दुसऱ्याच्या किमान मर्यादेच्याही बरेच खाली राहते, कारण तो टर्बो जास्त फिरणाऱ्या आणि जास्त दाब सोसणाऱ्या आधुनिक इंजिनांना डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला आहे. पद्मिनीवर तो बसेल, चालेलही. फक्त त्याला जाग येईपर्यंत गिअर बदलायची वेळ आलेली असेल. कारखान्यांनीही हा धडा गिरवला आहे: रेनोने आपल्या १३९७ सीसीच्या जुन्या धाटणीच्या पुशरॉड इंजिनावर आधी गॅरेट टी३ बसवला होता, आणि १९८५ मध्ये आलेल्या रेनो ५ जीटी टर्बोसाठी त्याहून लहान टी२ निवडला.

रस्त्याच्या दृष्टीने पाहिले तर फरक अधिक ठळक होतो. कन्नडच्या औट्रम घाटात किंवा बीडकडे मांजरसुंब्याच्या चढावर, पुढे भरलेला ट्रक असताना, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये २००० ते २५०० आरपीएमवर रेंगाळत असते. लहान टर्बो याच टप्प्यात दाब धरू लागतो. मध्यम टर्बोला त्यासाठी हजारभर फेरे जास्त लागतात, आणि तेवढा वेग घाटात मिळत नाही. समृद्धी महामार्गावर मात्र पारडे थोडे मध्यम टर्बोकडे झुकते. सतत वरच्या आरपीएमवर लहान टर्बाइन (एक्झॉस्टने फिरणारे चाक) एक्झॉस्टचा मार्ग आवळते, जळालेला गरम वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो आणि नॉकिंगची (मिश्रण आपोआप भडकण्याची) शक्यता वाढते. तथापि मिनिटाला तीन किलोंच्या मर्यादेत हा तोटा सोसण्याजोगा आहे. मध्यम टर्बोचा खरा लाभ दिसू लागतो तो ८०-९० हॉर्सपॉवरच्या पुढे, आणि तीन मेन बेअरिंगांवर (मुख्य आधारांवर) फिरणाऱ्या या क्रँकशाफ्टकडून तेवढ्या ताकदीची रोजची अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्याकडे प्रीमियर ११८ एनई आहे, त्यांची गोष्ट वेगळी: तिचे ११७१ सीसीचे निसान ए१२ इंजिन पाच मेन बेअरिंगांचे असल्याने तिथे मध्यम टर्बोचा विचार करायला जागा आहे.

डिझेल गाडीचा टर्बो, उदाहरणार्थ १.३ लिटरच्या मल्टिजेट इंजिनावरचा केपी३५, आकाराने लहान गटातच मोडतो आणि किमतीत दोघांनाही मागे टाकतो. त्याच्या अडचणी आकाराच्या नाहीत, उष्णतेच्या आणि दाबाच्या आहेत. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट पूर्ण भारावर ९०० अंशांच्या वर जाऊ शकतो, तर डिझेलचा टर्बो त्याहून कमी तापमान गृहीत धरून घडवलेला असतो. शिवाय तो बहुधा केवळ ऑइलवर थंड होतो, म्हणून तापलेली गाडी एकदम बंद केली की बेअरिंगमधले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. त्याच इंजिनाच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीवर हलत्या पात्यांचा टर्बो येतो. तो पेट्रोलच्या उष्णतेत अडकण्याचा धोका असल्याने स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट वेस्टगेटच्या, म्हणजे जादा एक्झॉस्ट बाजूला सोडणाऱ्या झडपेच्या, ॲक्च्युएटरची (ती झडप उघडणाऱ्या भागाची). डिझेलच्या टर्बोतली स्प्रिंग पद्मिनीला झेपेल त्यापेक्षा बरीच कडक असते आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) त्या स्प्रिंगच्या दाबाखाली उतरवता येत नाही. तपासणी सोपी आहे: ॲक्च्युएटरच्या नळीला दाबमापक असलेला सायकलचा पंप जोडावा, हळूहळू हवा भरावी आणि दांडा किती दाबाला हलू लागतो ते पाहावे. ०.३ ते ०.४ बारला हलला तर उत्तम, ०.८ पर्यंत ढिम्म राहिला, तर मऊ स्प्रिंगचा ॲक्च्युएटर मिळेपर्यंत तो टर्बो इंजिनावर चढवू नये. त्याच वेळी शाफ्ट बोटांत धरून पुढे-मागे ओढून पाहावा. आडवा किंचित प्ले (ढिलेपणा) चालतो. पुढे-मागे जाणवणारा प्ले चालत नाही, आणि चाकाची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर घासाघीस न करता तो परत करावा.

इंटरकूलर मात्र तिन्ही पर्यायांत लागतोच. ४० अंशांची हवा दीडपट दाबली की ती जवळपास ९५ अंशांवर पोहोचते, आणि जुन्या हेड गॅस्केटला त्या उष्णतेतले नॉकिंग फार काळ सोसत नाही. टर्बोची हवा कार्ब्युरेटरमधून फुंकायची असेल, तर मूळचा यांत्रिक फ्युएल पंप पुरत नाही, कारण पेट्रोलचा दाब बूस्टपेक्षा सतत वर राहावा लागतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रावर) मिश्रण आधीच पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, झालेले असते. टर्बोखाली पातळ मिश्रण म्हणजे वितळलेला पिस्टन, तेव्हा जेट मोठे करणे आधी आणि बूस्ट नंतर.

पैसे मोजण्यापूर्वी कागदपत्रेही पाहावीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि पन्नास वर्षे ओलांडलेली गाडी २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. सत्तरीच्या दशकातली सुस्थितीतली फियाट किंवा पद्मिनी ज्यांच्या दारात आहे, त्यांनी तिन्ही टर्बो बाजूला ठेवून तो खर्च रेडिएटर आणि ब्रेकवर करावा.