रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ४०७०: नाशिकमध्ये आठ महिन्यांच्या वापरानंतर

रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५-६००० रॅम (१६ जीबीच्या दोन स्टिक), एकच आठ पिनची केबल लागणारं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा गोल्ड पॉवर सप्लाय आणि समोर जाळी असलेलं कॅबिनेट. सुटे भाग घेऊन डिसेंबरात जोडलेला हा गेमिंग पीसीचा सेट ऑगस्टपर्यंत रोज चालतोय. १४४०पी (२५६० × १४४० रिझोल्यूशन) गेमिंगसाठी उत्तम, यात वाद नाही. पण सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) जुळला म्हणजे सगळं जुळलं असं धरू नका. गाडी अडते ती मिलिमीटरवर आणि वॅटवर.

प्रोसेसरवरच्या कूलरचंच बघा. कॅबिनेटची मर्यादा १६० मिमी, कूलर १५५ मिमी. कागदावर आरामात बसतो. पण उंच आरजीबी (रंगीत लाइटवाली) रॅम घेतली की कूलरचा पंखा तिच्यावर टेकतो. मग तो सेंटीमीटरभर वर सरकवावा लागतो, त्याची कड १६०च्या पुढे जाते आणि बाजूची काच लागत नाही. बुटकी रॅम घ्या, लाइट नसले तरी चालतील. जुना, एएम४ या आधीच्या सॉकेटचा कूलर वापरायचा असेल तर तो मदरबोर्डच्या मूळ बॅकप्लेटवरच (मागच्या बाजूच्या प्लेटवर) बसणारा हवा. या बोर्डच्या एएम५ सॉकेटमध्ये ती प्लेट सॉकेटचाच भाग आहे, काढून दुसरी लावता येत नाही.

रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. ते मेमरी ट्रेनिंग असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका. नंतर बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ६०००चे पैसे देऊन रॅम बहुधा ४८००वरच चालेल. पुढे आणखी दोन स्टिक टाकू असा विचार असेल तर आत्ताच सोडा. चार स्टिकवर या प्रोसेसरचा रॅमसाठीचा अधिकृत वेग ३६००पर्यंत खाली येतो. ३२ जीबी लागणार असेल तर १६च्या दोनच.

याच बोर्डवर नंतरच्या पिढीचा रायझन ५ ९६००एक्स घेणार असाल तर बायोसची आवृत्ती दुकानातच तपासून घ्या. जुन्या बायोसवर तो सुरूच होत नाही. बोर्डला फ्लॅशबॅक (बायोस अपडेटचं) बटण असेल तर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येतं.

आता विजेचं. कार्ड २०० वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, बाकी पन्नासएक. मॉनिटर धरून भिंतीवरून सव्वाचारशेच्या आसपास. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) नेहमीचा यूपीएस ३६० वॅटचाच असतो, त्यामुळे गेम चालू असताना वीज गेली की तो लगेच मान टाकतो. १००० व्हीए, किमान ६०० वॅटचा घ्या, आणि शक्यतो प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा. साध्या यूपीएसवर काही पॉवर सप्लाय बॅटरीवर जाण्याच्या क्षणी बंद पडतात. पंचवटी, जुनं नाशिक अशा भागांतल्या जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंग आधी तपासा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मशीन बिघडलेलंच असतं असं नाही. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून गळणाऱ्या किंचित विजेला जमिनीत जायला वाट नसते, म्हणून बहुतेकदा ते होतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा, दोन पिनांचं एक्सटेंशन फेकून द्या.

डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत तापमानाचे आकडे सगळ्यांचेच छान येतात, त्यावर जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये खोली पंधरा अंशांनी तापली की आतले भागही जवळपास तेवढेच वर जातात. समोर बंद काच असलेलं कॅबिनेट तिथेच हरतं. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, एवढं या सेटला पुरतं. पुढची जाळी मात्र उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी ब्रशने साफ करायची.

एमजी रोडवर घ्या की ऑनलाइन, बिलावर प्रत्येक भाग सीरियल नंबरसह वेगळा लिहून घ्या. ‘गेमिंग पीसी, १ नग’ एवढंच बिल असेल तर कार्ड बिघडल्यावर वॉरंटीसाठी दाखवायला हातात काहीच उरत नाही.