शाळेआधीचे जादा वर्ष: लवकर सुरुवात करावी की प्रवेश पुढे ढकलावा?

मुलाला शाळेत घालण्यापूर्वी आणखी एक वर्ष द्यावे का, असे पालक विचारतात तेव्हा त्या एका प्रश्नात दोन निराळे निर्णय असतात. पहिला निर्णय म्हणजे मूल चार वर्षांचे होईपर्यंत न थांबता तीन वर्षांचे होताच त्याला बालवर्गात घालणे, म्हणजे किंडरगार्टनपूर्वी एकाऐवजी दोन वर्षे मिळतात. दुसरा निर्णय म्हणजे वयाने पात्र झालेल्या मुलाचा किंडरगार्टनचा प्रवेश वर्षभर लांबवणे आणि ते वर्ष बालवर्गात किंवा खास संक्रमण वर्गात काढणे. दोन्हींत वाढते ते एकच वर्ष. पण पहिल्या मार्गाने मूल त्याच वयात अधिक शिकून शाळेत जाते आणि दुसऱ्या मार्गाने ते अधिक मोठे होऊन जाते. या विषयावरचे बरेचसे संशोधन अमेरिकेत झालेले आहे. तेथे साधारण पाचव्या वर्षी किंडरगार्टन सुरू होते आणि त्याआधीच्या वर्गाला ‘प्री-के’ म्हणतात.

मुळात प्री-केचे एक वर्ष काय देते, ते आधी पाहिले पाहिजे. ओक्लाहोमा राज्याने 1998 पासून चार वर्षांच्या सर्व मुलांसाठी हा वर्ग खुला केला. टल्सा शहरात संशोधकांनी प्रवेशाच्या कटऑफ तारखेच्या, म्हणजे ज्या तारखेपर्यंत ठरलेले वय पूर्ण व्हावे लागते तिच्या, अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या मुलांची तुलना केली. वय जवळजवळ सारखे, फरक फक्त वर्षभराच्या वर्गाचा. सर्वाधिक लाभ अक्षर व शब्द ओळखण्यात दिसला, त्याखालोखाल लेखनात, तर सोपी गणिती उदाहरणे सोडवण्यात तो सर्वांत कमी होता. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अक्षरे मर्यादित असतात आणि आज ना उद्या प्रत्येक मूल ती शिकतेच. शब्दसंग्रह, ऐकलेल्या गोष्टीचा अर्थ लावणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दोन टप्प्यांची सूचना लक्षात ठेवून पार पाडणे या क्षमतांना अशी वरची मर्यादा नसते. शाळेची पूर्वतयारी मोजणाऱ्या चाचण्या मात्र पहिल्या प्रकारच्या गोष्टी अधिक सहज मोजतात, म्हणून प्रवेशाच्या दिवशी दिसणारी आघाडी नेहमीच थोडी फुगलेली असते.

आता दुसऱ्या वर्षाची भर किती पडते? शिकागोतील बालवर्ग चालवणाऱ्या बाल-पालक केंद्रांत एक वर्ष आणि दोन वर्षे आलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांची मुले किंडरगार्टनमध्ये दाखल होताना पुढे होती, पण हा फरक प्राथमिक वर्गांत बराचसा ओसरला. पुढील आयुष्याचा मागोवा घेतल्यावर दोन वर्षांच्या गटात विशेष शिक्षणाची गरज कमी लागल्याचे आढळले. मात्र तेथे कोणी किती वर्षे यायचे हे सोडतीने ठरलेले नव्हते, ते कुटुंबांनी ठरवले होते, एवढी सावधगिरी बाळगलेली बरी. मिशिगनमधील इप्सिलँटी येथे 1962 मध्ये सुरू झालेल्या पेरी या बालवर्ग-प्रकल्पाचा दाखला नेहमी दिला जातो. त्यातील बहुतेक मुलांनी दोन वर्षे हजेरी लावली आणि चाळिशीपर्यंत त्यांचे शिक्षण व रोजगार तुलना-गटापेक्षा सरस राहिले. पण तो तुलना-गट धरून अवघ्या 123 मुलांचा, अत्यंत गरीब कुटुंबांपुरता आणि शिक्षिका दर आठवड्याला घरी जात असलेला प्रयोग होता. आजच्या कोणत्याही बालवर्गाकडून तशाच फळाची अपेक्षा धरणे हे जाहिरातदारांचे काम आहे, पालकांचे नव्हे.

पहिल्या वर्षाचा लाभ मोठा आणि दुसऱ्याचा लहान का, याचे एक साधे कारण बहुतेक संस्थांच्या दैनंदिनीत सापडते: तीन आणि चार वर्षांची मुले एकत्र बसतात आणि वर्षभर तेच विषय, तीच गाणी, तेच रंग-आकार चालतात. दुसऱ्या वर्षी आलेल्या मुलाच्या वाट्याला उजळणी येते. म्हणूनच जादा वर्षासाठी संस्था निवडताना मला एकच प्रश्न निर्णायक वाटतो: गेल्या वर्षी हे सर्व केलेल्या मुलाला तुम्ही यंदा काय वेगळे देणार? या प्रश्नाचे उत्तर वर्गातील एखाद्या नेमक्या कृतीच्या रूपात मिळाले नाही, तर ते वर्ष खर्चिक सांभाळणावळ ठरण्याची शक्यता अधिक.

नेमकी कृती म्हणजे काय, याचा एक नमुना देतो. गरीब कुटुंबांतील बालवर्गीय मुलांना 1 ते 10 अंक एका ओळीत लिहिलेला पट देण्यात आला. मूल 1 किंवा 2 दाखवणारी चकती फिरवी आणि सोंगटी सरकवताना ज्या घरांवरून ती जाई त्यांचे आकडे मोठ्याने म्हणे. सोंगटी 4 वर असेल आणि चकतीवर 2 आले, तर ‘एक, दोन’ म्हणून चालत नसे; ‘पाच, सहा’ म्हणावे लागे. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकांनंतर या मुलांची संख्यांच्या लहान-मोठेपणाची समज सुधारली आणि नऊ आठवड्यांनीही ती टिकून होती. अंकांऐवजी रंगांचा पट खेळलेल्यांत तसे झाले नाही. सारी किमया एका बारीक नियमात आहे, आणि तो नियम पाळून घेणारे मोठे माणूस शेजारी बसलेले असावे लागते.

गुणवत्तेचा हा मुद्दा शोभेचा नाही. टेनेसी राज्यात जागांपेक्षा अर्ज जास्त आल्यामुळे प्री-केचे प्रवेश सोडतीने दिले गेले आणि 2,990 मुलांचा सहावीपर्यंत पाठपुरावा झाला. प्री-केच्या अखेरीस प्रवेश मिळालेली मुले पुढे होती. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहावीत मात्र ती वर्ग न मिळालेल्या मुलांच्या मागे होती आणि शिस्तभंगाच्या नोंदीही त्यांच्या नावावर अधिक होत्या. बॉस्टनमधील प्री-केच्या सोडतीचा निकाल नेमका उलट्या तऱ्हेचा लागला: शालेय चाचण्यांच्या गुणांत फरक नाही, पण शिस्तीच्या तक्रारी कमी आणि महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण जास्त. नाव एक, मुदत एक आणि फळे इतकी वेगळी. त्यातच किंडरगार्टनच्या शिक्षिका अनेकदा मुलांना आधीच येत असलेली अक्षरे आणि मोजणी पुन्हा शिकवत बसतात, त्यामुळे आधीची आघाडी वापरलीच जात नाही. त्यामुळे पुढची शाळा कोणती, हाही या निर्णयाचा भाग आहे.

प्रवेश लांबवण्याच्या मार्गाची तुलना अधिक फसवी असते, कारण वर्षाने मोठे मूल कोणत्याही चाचणीत पुढे दिसणारच. ती आघाडी वर्गाची की वयाची, हे घरबसल्या सांगता येत नाही. कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदा करून 2012 पासून संक्रमण वर्ग सुरू केले. सुरुवातीला ते कटऑफ तारखेच्या आसपास जन्मलेल्या मुलांसाठी होते. तेथील मुले किंडरगार्टनच्या दारात काही महिन्यांनी पुढे आढळली, पण वर्ष संपेपर्यंत बाकीच्यांनी ते अंतर बरेचसे कापले. म्हणजे केवळ अक्षर-अंकांची भीती असेल, तर त्यासाठी वर्ष मागे ठेवण्याचे कारण दिसत नाही.

लक्ष आणि वर्तन यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत 1 सप्टेंबर ही कटऑफ असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांपैकी दर 10,000 मागे 85.1 जणांना लक्षन्यूनता-अतिचंचलतेचे (एडीएचडी) निदान झाले, तर सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण 63.6 होते. लहानपणालाच आजार समजण्याचा धोका किती खरा आहे, ते यावरून दिसते. डेन्मार्कमध्ये उशिरा शाळेत गेलेल्या मुलांत सातव्या वर्षी चंचलता लक्षणीय कमी होती आणि हा परिणाम अकराव्या वर्षीही टिकला. अर्थात तेथे थांबलेले मूल सार्वजनिक, खेळावर आधारलेल्या बालवर्गात ते वर्ष काढते. घरी पडद्यासमोर काढलेल्या वर्षाला हा निष्कर्ष लागू करता येणार नाही.

यावरून माझा कल असा आहे. घरी बोलणारी, वाचून दाखवणारी मोकळी माणसे कमी असतील किंवा शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असेल, तर तीन वर्षांचे होताच सुरुवात करावी. घर भाषेने आणि सोबतीने समृद्ध असेल, तर चार वर्षांचे झाल्यावरचे एक चांगले वर्ष पुरेसे आहे आणि आधीचे वर्ष हुकले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. कटऑफच्या अगदी आधी जन्मलेले, एका जागी क्षणभर न ठरणारे मूल असेल आणि हाताशी उत्तम बालवर्ग असेल, तर प्रवेश लांबवण्याचा विचार करावा. मात्र बोलणे उशिरा येत असेल किंवा नजरेला नजर मिळत नसेल, तर थांबणे हा उपाय नाही. आधी श्रवणतपासणी आणि तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, प्रवेशाचे नंतर पाहता येते.

राहिला प्रश्न पूर्ण दिवसाचा की अर्ध्या दिवसाचा. इंग्लंडमध्ये 1997 पासून सुमारे 3,000 मुलांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात बालवर्गात काढलेल्या महिन्यांची संख्या आणि संस्थेचा दर्जा यांचा बौद्धिक विकासाशी संबंध आढळला, पण पूर्ण दिवस येणाऱ्या मुलांना अर्धा दिवस येणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. आईवडिलांच्या नोकरीसाठी पूर्ण दिवस लागत असेल तर तो जरूर घ्यावा. केवळ तयारी अधिक होईल म्हणून वाढीव शुल्क भरण्याची गरज नाही.