ज्युनिअर आर्टिस्टच्या कामाला जाताय? आम्हा दहा जणींचं काय झालं ते आधी वाचा

बदलापूर, अंबरनाथ, कल्याण साइडच्या बायकांनी हे नक्की वाचा आणि ज्यांच्या घरातलं कोणी पिक्चरच्या शूटिंगला गर्दीत उभं राहायला जातं त्यांनी पण वाचा. आम्हाला ज्या माणसाने फसवलं तो नवीन नंबरवरून परत माणसं गोळा करतोय. मागच्या आठवड्यात माझ्या नणंदेच्या मैत्रिणीला मेसेज आला, "महिला २५ ते ४५, गावठी लुक, बिग बॅनर, १५ दिवस सलग काम, कार्ड असणाऱ्यांनाच प्राधान्य". मेसेज वाचला आणि माझे हातपाय गार पडले, बोलायची पद्धत तीच.

मी घरी ब्लाउज शिवते. २०२४ च्या उन्हाळ्यात मिस्टरांची कंपनी बंद झाली, मुलीची बारावी, क्लासची फी, त्यामुळे जे काम मिळेल ते बघत होते. आमच्या ओळखीतली एक बाई सिरियलच्या शूटिंगला जायची, तिने या माणसाचा नंबर दिला. सगळे त्याला दादा म्हणायचे म्हणून मी पण दादाच म्हणायचे. नाव लिहीत नाही, पोलिसांत तक्रार दिलेली आहे, तिकडे सगळं लिहून दिलंय.

ऑगस्टमध्ये पहिलं काम आलं. गोरेगावच्या चित्रनगरीत एका सिरियलचं लग्न होतं, आम्ही वऱ्हाडातल्या बायका. सकाळी सातचा कॉल टाइम, म्हणजे सातला सेटवर हजर, म्हणून बदलापूरहून पहाटे चारच्या सुमाराची गाडी पकडायची, दादरला बदलायचं, गोरेगाव पूर्वेला उतरून शेअर रिक्षा. दिवसभर खुर्चीत बसून अक्षता टाकल्या आणि संध्याकाळी दादाने जागेवर ७०० रुपये हातात ठेवले. रोख. मला एवढं बरं वाटलं की येताना मुलीसाठी पाव किलो पेढे घेतले. हे मुद्दाम सांगतेय कारण नंतर सगळे मला विचारायचे, "तुला काहीच संशय कसा आला नाही?" अहो कसा येणार, काम खरं होतं, सेट खरा होता, पैसे खरे होते. तो पहिला दिवस खरा होता म्हणून तर पुढचं सगळं आम्ही खरं मानलं.

सप्टेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला, म्हणाला ताई मोठा पिक्चर आहे, जुन्या काळातला, १४ दिवस, शिफ्टचे १२००, पण मला नीटनेटक्या, वेळेवर येणाऱ्या दहा जणी पाहिजेत आणि त्या तुम्हीच आणा, तुम्ही ग्रुप लीडर. मी आमच्या भिशीतल्या आणि बिल्डिंगमधल्या नऊ जणी तयार केल्या. चौथ्या मजल्यावरच्या काकू तर बासष्ट वर्षांच्या, दादा म्हणाला म्हातारी बाई बाजारात शोभून दिसेल, घेऊन या. त्यातल्या एकीने पण त्याला कधी बघितलेलं नव्हतं. त्या माझ्या शब्दावर आल्या.

मग त्याने कार्डाचं काढलं. म्हणाला मोठ्या बॅनरला युनियनचं कार्ड लागतं, गेटवर चेकिंग होतं, तुम्हाला करून देतो, माणशी २५००. फोटो आणि आधार व्हॉट्सॲपवर पाठवा, पैसे यूपीआयने टाका. यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं येत होतं, तर म्हणे तो ऑफिसचा अकाउंटंट आहे. आठवड्यात प्लास्टिकची चकचकीत कार्डं आली, लाल पट्टी, आमचे फोटो, कसलं तरी असोसिएशन असं इंग्रजीत नाव. आता कळतंय की मुंबईत या कामाच्या बायकांची खरी संघटना महिला कलाकार संघ, पुरुषांची ज्युनिअर आर्टिस्ट असोसिएशन, आणि या सगळ्यांच्या वर फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज. खरं कार्ड पाहिजे असेल तर त्या संघटनेच्या ऑफिसात स्वतः जायचं, अर्ज द्यायचा, पैसे भरले की पावती घ्यायची. आमच्या कार्डावर जे नाव होतं ते यातलं एकही नाही. आणि गेटवर ते कार्ड एकदाही कोणी बघितलं नाही, १४ दिवसांत एकदाही नाही.

शूटिंग मात्र खरंच मोठं होतं. चित्रनगरीच्या आतल्या बाजूला, नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो तिकडे, अख्खा जुना बाजार उभा केलेला. पुढून दगडी भिंत आणि मागे जाऊन बघितलं तर प्लाय आणि बांबू. सकाळी गोणीतून नऊवार साड्या काढून द्यायचे, रात्रीच्या घामाने अजून दमट असायच्या, त्याच नेसायच्या. मनगटावर पेनाने नंबर लिहायचे, माझा ८४. एक पोरगी येऊन मोबाईलवर प्रत्येकीचा फोटो काढायची, कंटिन्युटी म्हणतात त्याला, म्हणजे काल डाव्या हातात टोपली होती तर आज पण डाव्याच हातात पाहिजे. माझ्या टोपलीत वर कांदे आणि खाली सगळा पेंढा भरलेला. असिस्टंट ओरडायचा "पासिंग दे, पासिंग दे" की मी डावीकडून निघायचं, विहिरीपाशी थांबायचं, उजवीकडून बाहेर. एका दिवशी मोजलं, तेवीस वेळा गेले. धूळ उडवायला मोठ्या पंख्यासमोर मुलतानी माती सोडायचे, घरी येऊन नाक शिंकरलं की पांढरं निघायचं. जेवणाची आमची लाइन वेगळी, बाकी युनिटची वेगळी, ते पहिल्या दिवशी लागलं मनाला, मग सवय झाली. पण खोटं कशाला बोलू, त्या बाजारात काकूंना पदर सावरून ऐटीत चालताना बघितलं की छान वाटायचं. त्या म्हणायच्या, "अगं आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला सांगतंय की हळू चाला, घाई करू नका."

आता मुद्द्याचं सांगते, नीट वाचा.

शिफ्ट सात ते सात, पण सुटायला नऊ व्हायचे. पॅकअप झालं की दीडशे बायका एका लाइनीत, अंधार, कपडे बदलायची गर्दी, प्रत्येकीचं लक्ष घड्याळात कारण गाडी चुकली तर दादर स्टेशनवर बसायची वेळ. अशा वेळी दादाचा पोरगा व्हाउचरचा, म्हणजे पैसे मिळाल्याच्या पावत्यांचा, गठ्ठा घेऊन उभा, एका हातात मोबाईलची टॉर्च, "सही करा सही करा, पुढे चला". व्हाउचरवर तारीख होती, नाव होतं, रकमेची जागा कोरी. तिसऱ्या दिवशी मी विचारलं दादाला, की आकडा का नाही टाकला. तर म्हणाला, "ताई, ऑफिसला भरतात, उशीर झाल्याचे आणि येण्याजाण्याचे धरून वाढवून देतो, तुमचाच फायदा आहे." मी गप्प बसले आणि सही केली, माझ्याकडे बघून बाकीच्यांनी पण केली. १४ दिवस रोज केली.

पैसे ९० दिवसांनी असं आधीच सांगितलेलं, आणि या लाइनीत तसं असतं हे खरं आहे, बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांनीच मिळतात. म्हणून दिवाळी गेली, संक्रांत गेली, आम्ही कोणी काही बोललो नाही. जानेवारी संपताना फोन केला तर प्रॉडक्शनकडून आलेलं नाही. फेब्रुवारीत ऑडिट चालू आहे. मार्चमध्ये त्याची आई आयसीयूत आहे, आणि मी त्या माणसाच्या आईसाठी देवापुढे दिवा लावला हो. नंतर फोन लागेनाच, ग्रुपमधून काढून टाकलं, ब्लॉक. भिशीत माझ्याशी बोलणं कमी झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनीने तर जिन्यात सगळ्यांसमोर विचारलं की तुला माणशी किती सुटले. दादाने मला माणशी रोजचे ५० देतो असं सांगितलेलं होतं, ते मी लपवलं नव्हतं, पण त्यातला एक रुपया पण मला मिळालेला नाही. तरी तिचं काय चुकलं, तिचे १६,८०० अडकलेले आणि तिने ते मुलाच्या अॅडमिशनला धरलेले.

एप्रिलमध्ये मी आणि काकू अंधेरीला त्या प्रॉडक्शनचं ऑफिस शोधत गेलो. दोन दिवस बाहेरच बसवलं, तिसऱ्या दिवशी अकाउंट्सचा एक मुलगा आला, चांगला होता बिचारा, त्याने फाइल काढून दाखवली. पेमेंट डिसेंबरमध्येच कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे माणसं आणणाऱ्या दादाच्या, खात्यात गेलेलं. आणि दादाने आमच्या सह्यांची व्हाउचर पुरावा म्हणून जोडलेली, की हे बघा मी सगळ्यांना वाटले. रकमेच्या जागी आकडा १८००. म्हणजे प्रॉडक्शनकडून १८०० ठरलेले, आम्हाला सांगितले १२००, आणि दिले शून्य. खाली "रोख मिळाले" आणि माझी सही. माझीच. त्याच्यावर काय बोलणार?

पण काकू व्हाउचर उलटत होत्या, त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, "ही सही माझी नाही." काकू चौथीपर्यंत शिकलेल्या, त्यांची सही म्हणजे एक एक अक्षर सुटं, नाव संपेपर्यंत ओळ खाली घसरते. या चार व्हाउचरवर झोकात एका दमात मारलेली सही होती. आणि तारखा कुठल्या तर शूटिंगच्या आठव्या ते अकराव्या दिवसाच्या, जेव्हा काकू तापाने घरी झोपून होत्या, आल्याच नव्हत्या. न आलेल्या बाईची हजेरी लावून तिचे पण १८०० उचलले. झेरॉक्स काही त्या मुलाने दिली नाही, साहेबांची परवानगी लागेल म्हणाला, पण काकूंनी तारखा पाठ केल्या आणि खाली येऊन रिक्षात मला लिहायला लावल्या.

हिशोब सांगते. नऊ जणींच्या १४ शिफ्ट आणि काकूंच्या १०, अशा १३६ शिफ्ट, १२०० ने १,६३,२०० रुपये. कार्डांचे २५,००० वेगळे. आणि त्याने आमच्या नावावर १४० शिफ्टचे २,५२,००० उचलले. हे फक्त आमच्या दहा जणींचं, लाइनीत दीडशे बायका होत्या, त्यातल्या किती जणी त्याच्या होत्या कुणास ठाऊक.

पुढे काय केलं ते पण लिहिते, कुणाला उपयोग होईल. कार्डाचे पैसे यूपीआयने गेलेले म्हणून १९३० वर फोन केला. तो सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पण करता येते. पण तिथे जेवढा लवकर फोन तेवढा उपयोग, पैसे पुढे निघून जायच्या आत समोरचं खातं थांबवता आलं तर. आम्ही सहा महिन्यांनी फोन केला, त्या खात्यात काय राहणार. पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिली, फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागतं. बीकेसीला कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या ऑफिसात, पण जाऊन आले. या धावपळीत एका वकील ताईंनी सांगितलं की सिने कामगारांसाठी १९८१ सालीच कायदा झालेला, त्यात कामगार ठेकेदारामार्फत आला असला तरी लेखी करार करायचा आणि त्यात निर्मात्याने पण असायचं असं होतं. माझ्या तर डोक्यावरूनच गेलं आधी. करार? आम्हाला एक कागद कोणी दिला नव्हता, आणि आम्ही मागितला नव्हता, मागायचा असतो हेच माहीत नव्हतं.

म्हणून सांगते, गर्दीत उभं राहायला कोणी पैसे मागितले, कार्डाचे, कॉस्च्युमच्या डिपॉझिटचे, फोटोंचे, कशाचेही, तर तिथूनच मागे फिरा, काम करणाऱ्याला पैसे मिळतात, द्यावे लागत नाहीत. व्हाउचरवर आकडा नसेल तर सही करू नका, लाइन थांबली तरी थांबू दे, मागच्या बायका ओरडल्या तरी ओरडू दे, गाडी चुकली तर पुढची येते. आणि "रोख मिळाले" लिहिलेलं असेल तर पैसे हातात पडल्याशिवाय पेन उचलू नका. व्हाउचरचा मोबाईलवर फोटो काढा. सेटवर मोबाईल काढू देत नाहीत, आमचे पण जमा करायचे, पण पॅकअपच्या वेळी परत मिळतात तेव्हा काढता येतो. कोऑर्डिनेटर सोडून प्रॉडक्शनचा कोण माणूस आहे त्याचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. आणि दुसऱ्यांना बरोबर नेणार असाल तर ज्या माणसाकडे नेताय त्याचं घर किंवा ऑफिस तरी आधी बघून या, मी बघितलं नव्हतं.

कार्डाचे २५०० मी प्रत्येकीला परत देतेय, ब्लाउज शिवून. पाच जणींचे झाले, तीन राहिल्या. काकूंनी घेतले नाहीत, म्हणाल्या मला नकोत, तू फक्त पोलिसांकडे जायचं थांबू नकोस.

आमच्याकडे एकच चीज आहे. भिशीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी रोज गाडीत बसले की लिहायचे, तारीख, कोण कोण आलं, किती वाजता सोडलं. ग्रुप लीडर म्हणून लिहायचे. काकूंच्या नावापुढे चार दिवस फुली आहे आणि बाजूला "ताप" लिहिलंय, आणि त्या चार तारखा काकूंनी पाठ केलेल्या तारखांशी तंतोतंत जुळतात. सोमवारी जबाबाला बोलावलंय, वही घेऊन जाणार आहे, काकू सही कशी करतात ते दाखवायला त्या स्वतः येणार आहेत. त्या ऑक्टोबरमध्ये चित्रनगरीत जुन्या बाजाराच्या सेटवर जी कोणी होती, लाल पट्टीचं कार्ड असलेली, तिने कृपा करून आमच्याशी बोला, तुमच्या पण सह्या त्या गठ्ठ्यात असणार.