सव्वीस पाहुण्यांसाठी घेतलेलं सामान, दहा महिन्यांनंतर

आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. गणपती मोठ्या घरात, म्हणजे आमच्याकडे. तीन दीर, त्यांची कुटुंबं, आतेसासूबाई आणि ऐन वेळी येणारे धरून गेल्या वर्षी माणसं झाली सव्वीस. २०२४ साली चतुर्थी होती ७ सप्टेंबरला आणि गौरीबरोबर विसर्जन १२ला. सहा दिवस, सव्वीस माणसं, वर रोज रात्री भजन. त्या धास्तीने मी ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच ठरवून सामान घेतलं. थोडं कणकवलीच्या बाजारातून, बाकीचं ऑनलाइन. २५ हजारांच्या आसपास गेले.

खोकी उतरत होती तेव्हा सासूबाई पडवीत बसून होत्या. त्यांनी एकच विचारलं, "एवढा सामान ठेवतलंस खंय?" मी हसून सोडून दिलं. आता त्या प्रश्नाला दहा महिने झालेत. गणपती, दिवाळी, एकतीस डिसेंबर, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी, असे पाच वेळा पाहुणे येऊन गेले. ऑनलाइन जे अभिप्राय वाचून मी वस्तू घेतल्या, ते बहुतेक खोकं उघडल्यावर दोन दिवसांत लिहिलेले होते. आमच्या हवेत वस्तूचा कस लागतो तो पाहुणे गेल्यावर, ती माळ्यावर पडून असते तेव्हा.

आधी हॉटपॉट. दहा लिटरचा, आत-बाहेर स्टील, मध्ये फोम. भातासाठी उत्तम. साडेअकराला भरलेला भात तीनच्या पंगतीलाही वाफाळता निघाला. काळ्या वाटाण्याचं सांबारंही छान राहतं. पण मोदक ठेवाल तर आधी ऐका. पहिल्या दिवशी उकडून काढलेले मोदक गरमागरम आत रचले आणि झाकण लावलं. तासाभराने वरचे सगळे ओले गिच्च. झाकणाला जमलेली वाफ पाणी होऊन खाली ठिबकत होती. दुसऱ्या दिवसापासून तळाला केळीचं पान, मोदकांवर कोरडं सुती फडकं आणि झाकण जरा कलतं. मग तक्रार राहिली नाही. वडे मात्र त्यात घालूच नका, वीस मिनिटांत चामडं होतात. वडे रोवळीतच बरे, खाली कागद, वर फडकं. आणि हो, हा हॉटपॉट मोरीत बुडवून घासायचा नाही. जोडाच्या फटीतून पाणी आत फोमपर्यंत जातं आणि मग जो कुबट वास येतो तो जाता जात नाही. माझा दिवाळीनंतर तसा झाला. चूक माझी, पण सोबतच्या कागदावर हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती?

नळाचा थर्मास भजनासाठी घेतला होता. तोही दहा लिटरचा. आमच्याकडच्या कपाने सव्वाशे कप होतात. पूर्वी काय व्हायचं, मंडळी अकराला येणार म्हणून सांगायची आणि एकला यायची, तोवर चुलीसमोर बसून राहायचं. आता दहाला चहा भरून ठेवते आणि निवांत फुगड्या बघते. त्याआधी दहा मिनिटं उकळतं पाणी भरून ते ओतून द्यायचं, नाहीतर थंडगार भांडंच चहाची अर्धी ऊब खातं. इथवर सगळं छान. पण दुधाचा चहा तीनेक तासांनी उतरतो, चव शिळी लागते आणि साय नळात अडकून धार सुतासारखी बारीक होते. तिसऱ्या रात्री मी नुसता कोरा चहा भरला, गवती पात आणि साखर घालून, आणि गरम दूध वेगळ्या किटलीत ठेवलं. बुवांनी कप हातात घेऊन आत बघितलं आणि म्हणाले, "वयनी, दूध आटला काय?" किटली दाखवली तेव्हा कुठे गजर पुढे गेला. तेव्हापासून तीच पद्धत. नळ सहज उघडून धुता येतो हे बघूनच थर्मास घ्या. माझा येतो. झाकणाचा रबर मात्र मे महिन्यातच सैल पडला. तो सुटा मिळतो की नाही हे विकत घेताना विचारलं नव्हतं, आता शोधते आहे.

स्टीलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण याच बाबतीत मी सर्वांत जास्त फसले. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवला, चिकटला नाही, म्हणून "उत्तम स्टील" म्हणाला. चुंबक चिकटला नाही म्हणजे ते ३०४च, म्हणजे भरपूर निकेल असलेल्या चांगल्या जातीचंच असतं असं नाही. २०१ आणि २०२ जातीच्या स्वस्त स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. फरक निकेलमध्ये असतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, आणि खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. स्वस्त जातीत निकेल कमी करून मॅंगनीज वाढवलेलं असतं. पुण्यात कदाचित आयुष्यभर कळणार नाही, आमच्याकडे चार महिन्यांत कळतं. मी झाकणाचे सहा डबे घेतले होते. त्यातल्या एकात कोकमाचं आगळ भरून ठेवलं. आगळ म्हणजे आंबट आणि मीठ दोन्ही. जानेवारीत डबा रिकामा केला तर तळाला सुईच्या टोकाएवढे काळे खळगे. आता आगळ पुन्हा काचेच्या बरणीत, जिथे ते पहिल्यापासून होतं. उरलेल्या डब्यांत पोहे आणि कुळीथ आहेत, त्यांना काही झालेलं नाही. ताटं-वाट्या घेताना मात्र शिक्का बघून ३०४ घेतली, तीस ताटं. त्यांच्यावर नावही घालून घेतलं. पंगतीच्या गडबडीत शेजारची आणि आपली भांडी एकत्र होतात तेव्हा त्या नावाची किंमत कळते.

मोठी भांडी विकत घेऊच नका असं माझं स्पष्ट मत झालंय. टोप, परात, सतरंज्या वाडीच्या मालकीच्या असतात, नाममात्र भाड्याने मिळतात, आणि मुख्य म्हणजे वर्षभर आपल्या माळ्यावर राहत नाहीत.

आता या सगळ्यात कौतुक करावं अशी वस्तू. आत बॅटरी असलेले बल्ब, नऊ वॅटचे, साडेतीनशेला एक. पाच घेतले. गणपतीत पाऊस आणि वारा सुरू झाला की लाईट जाणार हे ठरलेलं. नेहमीच्या होल्डरला लावायचे, बटण चालू ठेवायचं, लाईट गेली की आपोआप पेटतात. आमच्याकडे तीन-साडेतीन तास चालले. शेवटी मंद होतात, पण आरती थांबत नाही. यांची एक गंमत म्हणजे होल्डरमधून काढून खालच्या टोकाला हात लावला की हातातच पेटतात. पुतण्यांनी ही विद्या पहिल्याच रात्री शिकून घेतली आणि आतेसासूबाईंना दोनदा घाबरवलं. दहा महिन्यांत एक बल्ब गेला, तोही माझ्या हलगर्जीपणाने. डिसेंबरनंतर तो खोक्यातच राहिला, बॅटरी पूर्ण उतरली ती पुन्हा चार्जच झाली नाही. उरलेले चार मी आळीपाळीने न्हाणीघरात आणि पडवीत लावते.

लाईटवरून आठवलं. टेबलावरचा ग्राइंडर घेतला, दोन लिटरचा, नारळ खवायच्या जोडणीसकट. आंबोळ्यांचं पीठ त्यात इतकं हलकं होतं की मिक्सरचं पीठ आता आवडत नाही. पण त्याचा खरा उपयोग वेगळाच निघाला. हा ग्राइंडर १५० वॅटचा आहे, त्यामुळे लाईट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर निवांत चालतो. साडेसातशे वॅटचा मिक्सर लावला तर इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो. ऋषिपंचमीच्या दिवशी सकाळभर लाईट नव्हती आणि आम्ही सोलकढीचं आणि खतखत्याचं खोबरं त्यावर वाटलं. नारळ खवायची जोडणी मात्र सुमार. करवंटी जरा लहान असेल तर हातातून निसटते, आणि खवलेलं खोबरं भिंतीपर्यंत उडतं. सासूबाई आडाळ्यावर बसून माझ्या दोन नारळांत तीन उरकतात, आणि बोलत काहीच नाहीत, हे जास्त लागतं.

बर्फाची पेटी, पन्नास लिटरची, मी एकतीस डिसेंबरसाठी घेतली. मोठ्या पुतण्याचे मित्र येणार होते. बंदरावर बर्फ मिळतोच. बारीक केलेला बर्फ लवकर पाणी होतो, म्हणून लादीचे मोठे तुकडेच आणा. आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून पेटी थंड करून ठेवा आणि सकाळी तो काढून नवा भरा. आमचा बर्फ असा दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरला. सुरमई आणि थंड पेयं एकाच पेटीत ठेवू नका, ज्यांनी ठेवली त्यांना विचारा. (आम्हीच ठेवली.) वास काढायला लिंबाची सालं आणि खाण्याचा सोडा लावून दोन दिवस उन्हात उघडी ठेवली. त्यानंतर ही पेटी पाहुण्यांची राहिलीच नाही. नवरा दर आठवड्याला लिलावाला जातो, मासळी तिच्यातून येते. मे महिन्यात सोलकढीचं भांडं तिच्यात बसतं. नारळाचा रस उन्हाळ्यात दोन-तीन तासांत आंबतो, तो संध्याकाळपर्यंत टिकतो. घेतलेल्या सामानापैकी सर्वांत जास्त वापरात आलेली वस्तू हीच, आणि हिच्याबद्दल मी सर्वांत कमी विचार केला होता.

ताटल्यांचं सांगायचं तर थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून पोफळीच्या विरीच्या, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाच्या, ताटल्या घेतल्या, शंभर. दिसायला देखण्या, आमटी झिरपत नाही, नंतर नारळाच्या आळ्यात टाकल्या की माती होतात. पण त्या घ्यायच्या तर लागतील तेवढ्याच. उरलेल्या चाळीस मी पिशवीत बांधून ठेवल्या आणि दिवाळीत उघडल्या तर पांढरी बुरशी. ऊन दाखवून वाळवल्या तरी त्यांत जेवण वाढायचा धीर झाला नाही. पावसाळ्यात परसातलं केळीचं पानच खरं. कापल्यावर निखाऱ्यावरून एकदा फिरवून घेतलं की मऊ पडतं, फाटत नाही.

सगळ्यात वाईट खरेदी म्हणजे फोमच्या घडीच्या गाद्या. चार घेतल्या, अकराशेला एक. झोपायला मऊ, मुंबईकर खूश. गणपतीनंतर त्या आल्या होत्या त्याच प्लॅस्टिकमध्ये घालून मी माळ्यावर टाकल्या. दिवाळीत काढल्या तर काळे ठिपके. उन्हात टाकल्या, झटकल्या, पुन्हा वापरल्या. मे महिन्यात पाहुणे गेल्यावर या वेळी नीट वाळवून ठेवू म्हणून खळ्यात पसरल्या होत्या, आणि यंदा, २०२५ साली, २५ मेलाच मान्सून देवगडात हजर. दोन गाद्या गेल्या, वास जाईना. फोममध्ये ओल शिरली की ती आमच्या हवेत बाहेर पडतच नाही. जुन्या वाकळी चाळीस वर्षं त्याच माळ्यावर आहेत. त्यांना काहीही होत नाही, कारण त्या पिळून, वाळवून, उलट्या घडीने ठेवता येतात. ज्यांना मऊ हवं त्यांनी दोन वाकळी एकावर एक घ्याव्यात.

घडीचं टेबल ठीक. वरचा भाग प्लॅस्टिकचा, त्याला काही झालं नाही, पाय लोखंडी, त्यांच्या सांध्यांना गंज धरला. आता प्रत्येक वेळी आवरताना खोबरेल चोळते. दिव्यांच्या माळा स्वस्तातल्या घेतल्या, तारा हिरव्या पडल्या, विषय संपला. मोदकाचा साचा मुलींनी दोन दिवस वापरला. कळ्या एकसारख्या येतात हे खरं, पण पारी जाड राहते. नैवेद्याचे एकवीस हातानेच झाले.

ठेवायची रीत मी अशी ठरवलीय. रबर, झाकण, नळ सगळं सुटं करायचं. एक दिवस ऊन दाखवायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीही बांधायचं नाही, जुन्या सुती साडीत गुंडाळायचं. डब्यांची झाकणं उघडी, आत एक कागद. आणि महिन्यातून एकदा माळ्यावर चढून नाक लावायचं. वास आला की त्याच दिवशी खाली. २०२५ची चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे पावसातच सगळं काढावं लागणार, तेव्हा जुलैत एकदा चुलीच्या उबेला ठेवीन म्हणते.

काल धाकट्या दिराचा फोन आला होता. "वयनी, यंदा आनी काय हाडूचा?" त्याने कुठेतरी पॉपकॉर्नचं यंत्र बघितलंय. त्याला म्हटलं, यंत्र राहू दे, दादरला थर्मासच्या झाकणाचा रबर मिळतो का बघ, दहा लिटरचा. आणि एक बल्ब.