लॉट निवडायचा की ट्यूनर लावायचा? ५० मीटर रायफलीच्या नळीतल्या कंपनांचा हिशेब

५० मीटर स्मॉलबोअर (.२२ रायफल) खेळणाऱ्या बहुतेकांपुढे कधीतरी हा प्रश्न येतो. रायफल चांगली आहे, पोझिशन बसली आहे, तरी ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, हवा तसा आवळत नाही. मग नळीच्या टोकाला ट्यूनर (कंपनं जुळवणारं सरकतं वजन) बसवायचा, की तेच पैसे आणि तोच वेळ काडतुसांचे वेगवेगळे लॉट (कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपा) तपासण्यात घालायचा? माझं मत स्पष्ट आहे: आधी लॉट. ट्यूनर एका विशिष्ट परिस्थितीतच कामाचा आहे, आणि ती परिस्थिती ओळखता येते.

५० मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी. पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं म्हणजे प्रोन, आणि उभं म्हणजे स्टँडिंग) पात्रता फेरीत कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे ५९० गुणांवर सातवा आला आणि पुढे कांस्य घेऊन परतला. त्याच फेरीत ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ गुणांवर अकरावा राहिला. साठ गोळ्यांत एका गुणाचा फरक. या पातळीवर दोन-तीन मिलिमीटरना किंमत आहे, म्हणून कंपनांचा विचार करायचा.

चाप ओढल्यावर फायरिंग पिन आदळते तेव्हाच नळी थरथरू लागते. गोळी नळीतून धावत असते सुमारे अडीच ते तीन मिलिसेकंद. तेवढ्यात दारूचा दाब रायफल मागे ढकलतो. नळीचा अक्ष रायफलीच्या गुरुत्वमध्याच्या वर असल्याने तोंड वर उचललं जातं आणि नळी स्वतःही किंचित वाकते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड कुठे रोखलेलं आहे आणि कोणत्या दिशेने हलत आहे, यावर ती कुठे लागणार हे ठरतं. प्रत्येक गोळीला नळी अगदी सारखीच हलली आणि प्रत्येक गोळी त्याच क्षणी बाहेर पडली, तर कंपनांनी काहीच बिघडत नाही. साइट सरकवली की झालं. बिघडतं ते गोळ्यांचे वेग वेगळे असल्यामुळे. वेग वेगळा म्हणजे बाहेर पडण्याचा क्षणही वेगळा.

आकड्यांत बघू. मॅच काडतुसाची ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम) गोळी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. ३३० ऐवजी ३२० ने निघालेली गोळी फक्त गुरुत्वाकर्षणामुळे ५० मीटरवर सुमारे ७ मिमी खाली लागते. हवेचा विरोध धरला तर थोडी जास्तच. हा फरक उभा आहे, आडवा नाही. ट्यूनरचं सगळं काम या उभ्या फरकावरच चालतं.

ट्यूनर म्हणजे नळीच्या टोकाला बसवलेलं, पुढे-मागे सरकवता येणारं वजन. ते सरकवलं की कंपनाची गती आणि आकार बदलतो. यातून दोनपैकी एक गोष्ट साधायची असते. झोका टोकाला पोहोचून क्षणभर थांबतो, तशा क्षणी गोळी बाहेर पडावी, म्हणजे वेळ थोडी इकडेतिकडे झाली तरी रोख बदलत नाही. किंवा तोंड वर चढत असतानाच गोळी बाहेर पडावी, म्हणजे हळू गोळी उशिरा निघते, तोवर तोंड आणखी उचललेलं असतं आणि तिची ती ७ मिमीची घट भरून निघते. रिमफायरवाल्यांना, म्हणजे आपल्या .२२ काडतुसांवर खेळणाऱ्यांना, हवी असते ती ही दुसरी गोष्ट. ती नवी नाही. ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफली इंग्लंडमधल्या बिस्ली रेंजच्या लांब अंतरांवर जवळच्या अंतरांपेक्षा, प्रमाणात पाहता, चांगला ग्रुप देत, त्यामागे हेच कारण होतं. ही भरपाई एकाच अंतराला लागू पडते हेही त्यातूनच कळतं. ५० मीटरला जुळवलेली नळी १०० मीटरला तशी जुळत नाही, कारण तिथे उचल साधारण दुप्पट लागते.

आता लॉट. रिमफायर काडतूस आपण भरू शकत नाही. प्रायमरचं (दारू पेटवणारं) मिश्रण कडेच्या घडीत असतं, त्यामुळे सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसात प्रायमर तळाच्या मध्यभागी असतो) दारू दशांश ग्रेनने कमी-जास्त करून जे साधतात, ते आपल्याला लॉट बदलूनच साधावं लागतं. लाप्वा किंवा एली अशा कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर नेमबाज आपली रायफल क्लॅम्पला लावतात, एकामागून एक लॉट झाडून बघतात आणि पसंत पडलेला लॉट साठवतात, ते यासाठीच. चांगला लॉट उभा आणि आडवा, दोन्ही पसारा कमी करतो. गोळीचा तळ किंचित तिरका असेल, तर गोळी आडवीही जाते, आणि ते जगातला कोणताही ट्यूनर थांबवू शकत नाही. लॉटच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा हाच.

लॉटची गैरसोय अर्थातच आहे. आपल्याकडे काडतुसं आयात होऊन येतात, त्यामुळे निवड जे येईल त्यातूनच करायची आणि परवान्याच्या मर्यादेतच साठवायची. लॉट संपला की पुन्हा पहिल्यापासून. ट्यूनर मात्र एकदा घेतला की राहतो. पण तो जुळवायलाही काडतुसं जळतात, हे विकणारे सहसा सांगत नाहीत. वीस सेटिंग, प्रत्येकी दहा गोळ्या, तीन फेऱ्या: सहाशे गोळ्या. सहा लॉट प्रत्येकी चाळीस गोळ्यांनी तपासले तर दोनशे चाळीस.

कमी गोळ्यांत भागवायचा मोह धोक्याचा आहे. काहीही न बदलता, त्याच रायफलीतून पाच गोळ्यांचा एक ग्रुप ११ मिमी आणि पुढचा १८ मिमी येऊ शकतो. पाच गोळ्यांच्या ग्रुपमध्ये एवढं हेलकावणं नैसर्गिक आहे. त्यातला ११ चा ग्रुप ज्या सेटिंगवर पडला ते ‘सापडलेलं सेटिंग’ मानून लोक वर्षभर खेळतात. अमेरिकेतले बॅलिस्टिक्सतज्ज्ञ ब्रायन लिट्झ यांनी सेंटरफायर रायफलींवर जास्त गोळ्या झाडून ट्यूनर तपासले, तेव्हा फायदा ठामपणे दिसला नाही. रिमफायरची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण आपली गोळी हळू आणि नळीतला वेळ मोठा. तरी सावधपणा तोच हवा.

म्हणून निर्णय असा करा. आधी ॲक्शनचे (नळी आणि बोल्टचा भाग दस्त्याला धरून ठेवणारे) स्क्रू टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळून घ्या. ते ढिले असतील तर पुढचं सगळं व्यर्थ. मग क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर चाळीस-पन्नास गोळ्या झाडा आणि प्रत्येक गोळीचा वेग तिच्या जागेशेजारी लिहा. ग्रुप गोल आणि पसरट असेल, तर लॉट बदला. ग्रुप उभा लांबट असेल आणि हळू गोळ्या नेमाने खाली लागत असतील, तर भरपाई होत नाहीये. ट्यूनरला वाव आहे तो इथे. हळू गोळ्या खाली लागतच नसतील, तर तुमची नळी आधीच जुळलेली आहे, तिला हात लावू नका. नळीला लांब एक्स्टेन्शन ट्यूब (तोंडाला जोडलेली पोकळ नळी) असेल तर हे बरेचदा दिसतं, कारण ती ट्यूबही वजनच आहे.

ट्यूनर घेतलाच तर त्याला छिद्रं नाहीत ना ते पाहा. मझल ब्रेक आणि कंपेन्सेटर (छिद्रांतून वायू सोडून धक्का किंवा उचल कमी करणारी साधनं) नियमात बसत नाहीत. थ्री पोझिशनवाल्यांनी स्टँडिंगमध्ये तोल बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, तोंडाशी आलेलं शे-दीडशे ग्रॅम वजन तिथे लगेच जाणवतं. फक्त प्रोन खेळणाऱ्याला ही अडचण कमी. सेटिंग मिळालं की रिंग लॉक करा आणि स्पर्धेच्या दिवशी उघडू नका. लॉट बदलला, तर नळीत नव्या वंगणाचा थर बसेपर्यंत पंधरा-वीस गोळ्या जाऊ द्या, आणि त्यानंतरच ट्यूनर पुन्हा तपासा.